नदीतले जीव मोजा, पाण्याचा खरा हिशोब कळेल

वालधुनी नदी अंबरनाथकडून येते, उल्हासनगर, कल्याण करत उल्हासला मिळते. वाटेत सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन तिच्यात मिसळतं, हे आपल्याला नवीन नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात तिच्यात रसायन सोडलं गेलं, तेव्हा शेकडो लोकांना त्रास झाला. असं काही झालं की नमुने नेतात, अहवाल येतो. पण टँकर रात्री रिकामा झाला आणि बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी भरली, तर त्यात सापडणार काय?

बाटली त्या घडीचं पाणी दाखवते. तळाला राहणारे किडे, अळ्या, गोगलगायी मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात, कारण ते सहसा जागा सोडत नाहीत. पाणी नासलं की नाजूक जीव आधी जातात आणि चिखलातल्या तांबड्या अळ्या माजतात.

हे आकड्यात मांडायला विविधता निर्देशांक असतो. एडवर्ड सिम्प्सन यांनी 1949 मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे. डोळे मिटून दोन जीव उचलले, तर ते वेगळ्या जातीचे निघण्याची शक्यता किती?

समजा 100 जीव सापडले. चार जाती, प्रत्येकी 25, तर निर्देशांक 0.75. त्याच चार जाती, पण 97 तांबड्या अळ्या आणि बाकी एकेक, तर फक्त 0.06. जाती दोन्हीकडे चारच, पण दुसरीकडे एकाचंच राज्य. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या टाकीतही हेच बघतात. पाणी साफ करणारे सूक्ष्मजीव नाना प्रकारचे असले की टाकी सहसा धडधाकट. अचानक प्रकार घटले, तर विषारी काही आत आलंय का ते तपासायचं.

मात्र नुसत्या आकड्यावर भुलू नका. कोणते जीव आहेत हे तो सांगत नाही. भरतीचं खारं पाणी, पावसाळ्यातला पूर यानेही तो बदलतो. म्हणून जागा तीच, महिना तोच धरून दरवर्षी तुलना करायची. सोबत रासायनिक तपासणी हवीच.

उल्हासचं पाणी शहरं पितात, काठची गावं त्यावर भाजीपाला काढतात. मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा: बीओडीच्या आकड्याशेजारी जीवांचा आकडाही द्या, नाले मिळतात त्याच्या वरचा आणि खालचा. फरक कुठे पडला ते दिसलं, की घाण कुठून आली हे शोधणं सोपं जाईल.