व्याकरण येतें, पण पत्र येत नाहीं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील बारावीची परीक्षा उतरलेल्या कोणत्याही हुशार मुलास इंग्रजी क्रियापदाचे बारा काळ विचारा. तो ते न अडखळतां म्हणून दाखवील. कर्तरि वाक्याचें कर्मणि करावयास सांगा, तेंही तो घटकेंत करील. मग त्यासच म्हणावें कीं, बाबारे, खामगांवच्या आपल्या अडतीच्या दुकानांतून कोईमतूरच्या एखाद्या गिरणीस कापसाच्या गांठींविषयीं चार ओळींचें इंग्रजी पत्र लिही. येथें मात्र त्याची लेखणी थबकते. हा दोष मुलाच्या बुद्धीचा खास नव्हे. ज्या विद्येची परीक्षा वाक्यें उलटवून घेतली जाते, ती विद्या वाक्यें उलटविण्यापुरतीच येते, यांत नवल तें काय?

सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतही इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षें झालीं. आणि बारा वर्षांस आपण एक तप म्हणतों! या तपाचें फळ अगदींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पाटी वाचणें, अर्ज भरणें, दोन शब्द बोलणें, एवढी पहिली पायरी आतां पुष्कळांस चढतां येते. अडतें तें वरच्या पायरीवर. तेथें नियम ठाऊक असतो, शब्दही ठाऊक असतो, परंतु कोणता शब्द कोठें घालावा हें ठाऊक नसतें.

आमचाच एक फजितीचा प्रसंग सांगतों. वकिलीच्या पहिल्या वर्षीं एका अशिलातर्फे आम्हीं इंग्रजींत नोटीस लिहिली. मजकूर साधा : रक्कम सोमवारपर्यंत द्यावी. ‘पर्यंत’ म्हणजे ‘अंटिल’ असें शाळेंत घोकलेलें; तोच शब्द घातला. आमच्या ज्येष्ठ वकिलांनीं कागद वाचला आणि शांतपणें विचारिलें, ‘‘सोमवारपर्यंत तो रोज देत राहणार, आणि मंगळवारीं बंद करणार कीं काय?’’ तेथें ‘बाय’ हवा होता. मराठींत ‘पर्यंत’ एकच आहे व तो दोन्ही कामें बिनतक्रार करतो. ‘आमचा भाव सोमवारपर्यंत कायम राहील’ या वाक्यांत ‘अंटिल’ योग्य. ‘माल सोमवारपर्यंत पोंचला पाहिजे’ या वाक्यांत ‘बाय’ योग्य. एक स्थिति कोठवर टिकते तें सांगतो, दुसरा काम कोणत्या मुदतीच्या आंत उरकावें तें सांगतो. सौद्याच्या कागदांत ही अदलाबदल झाली तर तंटा उभा राहण्यास तेवढें पुरे आहे.

सर्वच चुका अशा महाग पडतात असें नाहीं. ‘मीं काल माल पाठविला आहे’ हें मराठींत चालतें, म्हणून आपला मनुष्य इंग्रजींतही ‘हॅव सेंट’ लिहून त्यापुढें ‘येस्टरडे’ जोडतो. इंग्रजीस ती सोयरीक मान्य नाहीं. ‘काल’ म्हटलें कीं तेथें साधा भूतकाळच पाहिजे. ‘उद्यां पाऊस आला तर’ असें भूतकाळाचें रूप घालून आपण भविष्याविषयीं बोलतों. इंग्रज तेथें वर्तमानकाळ घालतो. आणि आमचा विद्यार्थी दोघांसही सोडून ‘विल’ घालून मोकळा होतो! अशा चुकांनीं अर्थ बुडत नाहीं, फार तर वाचणारा मनांत हंसतो. तेव्हां अर्थ बिघडविणाऱ्या चुका अगोदर काढाव्या, हंसूं आणणाऱ्या मागाहून, हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. परीक्षेंत मात्र दोहोंचा गुण सारखाच कापला जातो.

शब्दसंग्रहाचीही हीच कथा. शब्दांच्या लांबच लांब याद्या पाठ करण्याचा जो प्रघात पडला आहे तो आम्हांस निरर्थक वाटतो. शब्द एकटा रहात नाहीं, त्यास सोबती असतात. आपल्याकडे पाऊस मुसळधार व चहा कडक. इंग्रजींत पाऊस ‘हेवी’ आणि चहा ‘स्ट्राँग’. आपलें एक ‘करणें’ तेथें कोठें ‘मेक’ होतें तर कोठें ‘डू’. आपण अमक्याविषयीं चर्चा करतों म्हणून ‘डिस्कस’च्या मागें ‘अबाउट’ लावून देतों. वास्तविक त्या क्रियापदास तें शेपूट नको आहे. सोबत्यासह शब्द वहींत उतरून घ्यावा व त्याच दिवशीं आपल्या धंद्यांतील एका वाक्यांत घालावा.

यावरून दिसून येईल कीं, या पायरीवरील अडचण निव्वळ इंग्रजीची नाहीं. दोन भाषांच्या शिवेवरची आहे. ती शीव ज्यास आपल्या बाजूनें ठाऊक नाहीं, त्यास पलीकडचें शेत काय दिसणार? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गिरविलें, त्यांत मर्म होतें तें हेंच : मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी घडविणें. १८८१ च्या जानेवारींत टिळक-आगरकरांच्या मंडळीनें मराठींत ‘केसरी’ काढला व त्याच महिन्यांत इंग्रजींत ‘मराठा’ही काढला. दोन्ही हातीं लिहिणारी ती मंडळी मराठींत कच्ची नव्हती. लेंकरास मराठीचा वारा लागूं न देतां इंग्रजी पक्कें होईल असें मानणारे पालक हल्लीं वाढत आहेत, त्यांनीं याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, स्वराज्यांत इंग्रजीचा एवढा खटाटोप कशास? राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें. मेहकरच्या शेतकऱ्याचें अपील नागपूर खंडपीठापुढें गेलें, कीं त्याच्याच जमिनीचा निकाल त्यास दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो. ही स्थिति बदलली पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु ती बदलेपर्यंत आपल्या कागदाखालीं सही करणाऱ्यास तो कागद समजला पाहिजे.

म्हणून खामगांव, मलकापूर, चिखली येथील वाचनालयांच्या चालकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळी यासाठीं राखाव्या. वकील व हिशेबनीस मंडळींनीं पाळीपाळीनें बसावें, आम्हीही बसूं. छापील मार्गदर्शिका कोणी आणूं नये. पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या दुकानीं वा घरीं आलेला एक इंग्रजी कागद, मग तें बँकेचें पत्र असो, विम्याच्या अटी असोत कीं मालाची मागणी असो, बरोबर आणावा, त्याचें मराठी करावें, आणि मूळ कागद झांकून त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहावें.