बिलाच्या खिडकीमागे कोण बसणार?

"लिटरेचर करून हॉस्पिटल?" एवढंच म्हणून वर्गातली एक मैत्रीण माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघायला लागली. पप्पांचा प्रश्न सरळ होता, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तिथे जाऊन करणार काय?" दोघांनाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. मंडळाच्या ई-अंकात कथा-कवितांच्या शेजारी 'आरोग्य अर्थशास्त्र आणि रुग्णालय व्यवस्थापन' असला विषय बघून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तरी दोन पानं सोसा.

मी बुऱ्हाणपूरची. आजोबा श्रीरामपूरकडून नेपानगरच्या कागद कारखान्यात आले आणि आम्ही मध्य प्रदेशातले मराठी कॅथलिक झालो. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत दिवसरात्र पॉवरलूमची खडखड. आमच्याकडे कुणाला मोठं दुखणं आलं की त्याला इंदूरला नेतात, नाहीतर राज्याची हद्द ओलांडून भुसावळ-जळगावकडे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या चाचांना असंच हद्दीपलीकडे नेलं. चाचा लूम चालवतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचता येतं म्हणून मी सोबत गेले. आयुष्मान कार्ड होतं, ऑपरेशनही झालं. पण चौथ्या दिवशी चाचांनी घरी जायचा हट्ट धरला. खिडकीतून एक इंग्रजी कागद आला. "बेटा, इसमें क्या लिखा है?" लिहिलं होतं की डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध मी स्वतःच्या मर्जीने जात आहे आणि पुढे काही झालं तर जबाबदारी माझी.

मर्जी! मी त्याच कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला होता. चाचांची बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या त्यांच्या मुलाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेली औषधं, रोजचं खाणं, गाडीभाडं. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता सही घेतली. त्याला दोष देऊन उपयोग नाही, रांग दारापर्यंत होती. पण हा पेशंट का चाललाय, हे विचारायचं काम त्या अख्ख्या इमारतीत कुणाकडेच नव्हतं. आठवड्याभरात जखम चिघळली आणि लवकर निघून जेवढे वाचवले त्यापेक्षा जास्त गेले.

त्या खिडकीमागची व्यवस्था कुणीतरी आखलेली असते. ती कशी आखायची हे शिकवणारे रीतसर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तिथे दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या, लहान गावांतून आलेल्या कला शाखेच्या मुलांनी जायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

आधी आरोग्य अर्थशास्त्र म्हणजे काय ते मला कळलं तसं सांगते. भेंडी घेताना आपण दोन-चार मोडून बघतो. ऑपरेशन घेताना काय मोडून बघणार? काय हवं, किती हवं, हे विकणाराच सांगतो आणि घेणारा घाबरलेला असतो. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये नेमक्या याच अडचणीवर निबंध लिहिला, आणि या विषयाची सुरुवात बरेचजण तिथून धरतात. दुसरा प्रश्न असा, की पैसा थोडा असताना तो खाटांवर घालायचा की आजार होऊच नये यासाठी? बुऱ्हाणपूरकराला हा प्रश्न नवा वाटू नये. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून गावात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. आणि २०२२ मध्ये आमचा जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. नळ आल्यावर किती पोरांचे जुलाब थांबले, किती आयांची मजुरी वाचली आणि त्या तुलनेत नळाला किती खर्च आला, हे मोजणं म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र. आमच्या पीटी उषाच्या वेगाने पळणाऱ्या इतिहासाच्या तासाला कुंडी भंडाऱ्याचं फक्त साल पाठ करून घेतलं होतं.

सरकारी आकडे म्हणतात की देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलंच आहे. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या रुग्णालयातही चालतं. ते चाललं म्हणूनच चाचांचं ऑपरेशन झालं. पण बुडालेली मजुरी ना त्या टक्केवारीत येते, ना पॅकेजमध्ये. चाचा दवाखान्यातून उठले ते मजुरीमुळे. हा आकडा कुणीतरी चाचांच्या शेजारी बसून, त्यांच्या भाषेत विचारून काढावा लागतो. इथे मला माझ्या बीएचा उपयोग दिसतो. तीन वर्षं आम्ही दुसरं काय केलं? माणूस काय बोलतो आणि काय गाळतो, हेच तर वाचत बसलो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मराठी मुलखातलंच आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दाम्पत्य वेल्लोरला शिकलं, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला आलं. थोडा पैसा कुठे घातला तर जास्त जीव वाचतील, हा हिशोब त्यांनी गावकऱ्यांशी बोलून मांडला. गावांतल्याच बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. तिथला बालमृत्यूचा दर सुरुवातीला हजारी १७६ होता, तो १९९०च्या दशकात तिसाच्या खाली गेला. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेड आपण चर्चमध्ये सेवेचं उदाहरण म्हणून ऐकतो. ते उत्तम व्यवस्थापनाचंही उदाहरण आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

'सेवेत कसला हिशोब' हे वाक्य मी रविवारच्या मिस्सेनंतर चहा पिताना किमान चारदा ऐकलंय. १९४३ मध्ये गुंटूरला डॉ. सिस्टर मेरी ग्लोरी यांनी कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभी केली, ती सुटी सुटी सेवा एकत्र बांधल्याशिवाय टिकणार नाही म्हणूनच ना? हिशोब न ठेवलेला धर्मादाय दवाखाना आधी औषधांवर काटकसर करतो, मग नर्सच्या पगारावर.

आता शिकायचं कुठे? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे. पुण्यात सिम्बायोसिसकडे रुग्णालय व्यवस्थापनाचं एमबीए आहे, जयपूरला १९८४ पासूनची आयआयएचएमआर आहे. असे बरेच अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला घेतात. आरोग्य अर्थशास्त्राचं मात्र तसं नाही, तिथे संख्याशास्त्र लागतं. मी सध्या बारावीचं गणिताचं पुस्तक पुन्हा उघडलंय आणि माझी अवस्था बघवत नाही. नोकऱ्या रुग्णालयांत, विमा कंपन्यांत, राज्यांच्या आरोग्य योजनांत, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा कार्यालयांत आणि संशोधन संस्थांत असतात. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते ज्याने-त्याने बघून घ्यावेत.

माझी खरी तक्रार फीबद्दल आहे. खासगी संस्थांत ती लाखांत जाते. कर्ज काढून शिकलेली मुलगी ते फेडायला मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतीतच जाणार, बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात कशाला येईल? इंटर्नशिपही बहुतेकांना तसल्याच इमारतींत हवी असते. माझ्या हातात असतं तर प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दोन महिने हद्दीवरच्या गावात पाठवलं असतं, जिथे पेशंट एका राज्याचा, दवाखाना दुसऱ्या राज्याचा आणि संमतीपत्र तिसऱ्याच भाषेत. आणि तिथे परत येऊन काम करणाऱ्याचं कर्ज राज्याने उचलावं. हे धर्मप्रांतांनाही जमण्यासारखं आहे. आपल्या किती संस्था बीएडला जाणाऱ्या मुलींना मदत करतात, मग याला का नको?

पप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मॅनेजर." मी म्हटलं, हो, तसंच समजा. फॉर्म भरलाय. सोबत 'हा अभ्यासक्रम का निवडला' यावर पाचशे शब्द लिहून द्यायचेत, इंग्रजीत. पहिल्या खर्ड्यात मी चाचांना वगळून देशाच्या आरोग्य धोरणावर लिहिलं होतं. तो फाडला. दुसरा चाचांना हिंदीत वाचून दाखवला, तर त्यांनी मजुरीचा आकडा दुरुस्त करून दिला. मी कमी धरला होता.