आधी पाणी मोजा, मग गाडी घ्या

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी नायगावातला एक मुलगा आमच्याकडे आला. सोबत त्याची आई होती, बायकोही होती. जयभीम झाला, चहा झाला. मग मुलाने पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढून आमच्या पुढ्यात ठेवले. नवीकोरी छोटी मालगाडी होती, आणि तिच्या मोकळ्या हौद्यावर त्याने स्वतःच्या पेनाने पाण्याची टाकी काढली होती.

"काका, हीच घ्यायची. आईच्या फंडातले दोन लाख भरतो, वर पाच लाखांचे कर्ज काढतो. तुम्ही फक्त फॉर्म तपासून द्या."

आई काहीच बोलली नाही. त्या माऊलीने इस्पितळात आया म्हणून तीस वर्षे काढली आणि गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. म्हातारपणाला आधार म्हणून तिच्यापाशी तो फंडच आहे. आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हटले, "फॉर्म दोन मिनिटांत तपासू. आधी धंदा समजावून सांग."

वाचकहो, हा मुलगा नऊ वर्षे मोटारी धुतो. पहाटे चारला घर सोडायचे, बादली आणि फडके घेऊन दादर, परळ, लालबागच्या इमारती गाठायच्या आणि साहेब खाली उतरायच्या आत गाड्या पुसून ठेवायच्या. त्याचे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर उभे असत. १८ जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरांच्या वाहनतळात नातू फडके मारू लागला. आता त्याला दुसऱ्याच्या नळावर आणि वॉचमनच्या मर्जीवर जगायचे नाही. स्वतःची गाडी, स्वतःचे सामान घेऊन ग्राहकाच्या दारी जायचे, आतून-बाहेरून पूर्ण सफाई करायची, आसने धुवायची, रंगाला पॉलिश करायचे, असे त्याच्या मनात आहे. हल्ली याला डिटेलिंग म्हणतात. विचार चांगला आहे, आणि आम्ही तसे त्याला सांगितलेही.

पण गाडी कोणती घ्यायची, हे शोरूममध्ये उभे राहून ठरत नाही. ते पाण्यावरून ठरते.

हिशोब साधा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. बादलीने नीट धुतले तर एका मोटारीला दोन-तीन बादल्या, म्हणजे चाळीस लिटर धरा. दिवसाला आठ मोटारी म्हणजे ३२० लिटर, म्हणजेच ३२० किलो. रिकामी टाकी आणि नळ्या २५ किलो. बॅटरी आणि इन्व्हर्टर ७५ किलो. व्हॅक्युम, पंप, शाम्पू, पॉलिश ३० किलो. तो आणि मदतनीस मिळून १३० किलो. एकूण ५८० किलो झाले. मालवाहू गाडीच्या आरसी बुकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओझे उचलते ते कळते. माणसेही त्यातच मोजायची.

या हिशोबाने मुलगा खूश झाला. "म्हणजे छोटा हत्तीच पाहिजे ना, काका? तो पाऊण टन उचलतो." टाटा एसला लोक छोटा हत्ती म्हणतात, २००५ साली ती आली आणि तिने अनेक घरे चालवली, हे खरेच. पण त्याची बायको इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "एवढे पाणी टाकायचे कुठे, ते लिहून बघू या का?"

सूनबाई बारावी झालेली आहे. आम्ही तिला एक वही दिली आणि पंधरा दिवसांचे काम नेमून दिले. प्रत्येक ग्राहकापुढे चार रकाने: गाडी कुठे उभी असते, तिथे पाणी सांडू देतात का, वीज मिळते का, आणि आत शिरायच्या वाटेची उंची किती. उंची पट्टीने मोजायची, अंदाजाने नाही.

पंधरा दिवसांनी वही आली तेव्हा सगळे चित्रच पालटले. एकूण २२ ग्राहक. त्यांतल्या १३ जणांच्या गाड्या तळघरात किंवा पोडियमवर, आणि तिथे सोसायटी पाण्याचा थेंब सांडू देत नाही. चौघांच्या आवारात नळ किंवा जुनी विहीर. उरले पाच, गिरगाव-लालबागला रस्त्याकडेला गाडी लावणारे. म्हणजे पाणी वाहून न्यायची गरज फक्त पाच जणांसाठी होती, आणि त्यासाठी आईचा फंड मोडून टाकी ओढणारी मालगाडी घ्यायला निघालेले! शिवाय टाकी आणि ताडपत्री चढवलेला हौदा तीन तळघरांच्या उतारावर अडकलाच असता. छत असलेली बंद व्हॅन साधारण सहा फूट उंच असते, ती आत जाते.

मग त्या तेरा गाड्या धुवायच्या कशा? बादलीभर पाण्यात न खंगाळता चालणारा शाम्पू घालून ओल्या मऊ फडक्याने पुसायची पद्धत आता सर्रास आहे. एका गाडीला आठ-दहा लिटर पुरतात. मात्र आपल्या भागात बांधकामाची धूळ फार. कोरड्या धुळीवर फडके ओढले की रंगावर ओरखडे उठतात आणि भरपाई आपल्या खिशातून जाते. म्हणून आधी फवारा मारून धूळ भिजू द्यावी, फडके सरळ रेषेत ओढावे आणि दर वेळी त्याची नवी घडी पुढे घ्यावी. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र भरपूर पाणीच हवे. ती नळ असलेल्या आवारातच घ्यावी.

गिरगाव-परळच्या जुन्या विहिरींच्या पाण्याबद्दलही एक सांगतो. ते फुकट मिळाले तरी क्षाराचे असेल तर रंगावर आणि काचेवर पांढरे डाग धरते. आधी काचेच्या तुकड्यावर वाळवून पाहावे. पिण्याच्या पाण्यावर तर धंदा उभारूच नये. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईतही दहा टक्के पाणीकपात झाली. ज्याचा धंदा चाळीस लिटरवर उभा आहे त्याला अशी कपात बंद पाडते. दहा लिटरवाला तगून राहतो.

आता विजेचे. एक हजार वॅटचा व्हॅक्युम गाडीमागे दहा मिनिटे चालवला तर सहा गाड्यांना एक युनिट लागते. १५० अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी, म्हणजे तिच्यातून जेमतेम तेवढीच वीज मिळते. जनरेटर स्वस्त वाटतो, पण परळला केईएम, टाटा, वाडिया अशी इस्पितळे दाटीने आहेत. इस्पितळाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असते. तिथे जनरेटर घरघरवू नका. कायद्याचे सोडा, आत कोणाचा तरी बाप झोपलेला असतो.

आता गाड्यांकडे वळू. ज्याचे ग्राहक गिरगावच्या वाड्यांत आहेत त्याला खोताच्या वाडीसारख्या गल्लीत चारचाकीचा उपयोग नाही. त्याने स्कूटरला दोन पेट्या लावून सुरुवात करावी. हप्ता जवळपास नाहीच. तीनचाकी मालरिक्षा स्वस्त पडते, पण उंच टाकी भरून वळण घेताना ती झुकते, आणि पावसात सामान झाकायला वेगळी सोय करावी लागते. विजेवरची छोटी मालगाडी चालवायला स्वस्त, पण रात्री चार्जिंगची हक्काची जागा असेल तरच. बंद व्हॅनमध्ये सामान कुलपात राहते आणि पाऊस लागत नाही. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, आता या वर्गात ईको दिसते. सीएनजीची घेतली तर मागची बरीच जागा सिलिंडर खातो, हे आधी आत बसून पाहावे. आणि कोणतीही असो, रात्री ती कुठे उभी राहणार, ही जागा गाडीच्या आधी शोधावी.

ग्राहक रेल्वेच्या कोणत्या अंगाला आहेत तेही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा परळहून प्रभादेवीला जायला करी रोड नाहीतर टिळक पुलाचा वळसा आला. त्या वळशात एका गाडीची मजुरी जाते.

कागदांत चुकू नका. कारचा साधा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोंच्या आतली मालगाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. तीन हजार किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळे परमिट लागत नाही. पण पिवळी पाटी, फिटनेस आणि धंद्याचा विमा लागतो. विमा उतरवताना वापर खरा सांगा, नाहीतर अपघातानंतर भरपाईचा वाद उभा राहतो. जुनी गाडी घेताना आधीच्या बँकेचा बोजा उतरला आहे का ते ताडदेव आरटीओत पाहूनच पैसे मोजा. टाकीसाठी गाडीचा सांगाडा कापू नका; कायदा असे बदल मान्य करत नाही.

राहिले कर्ज. पाच लाख, अकरा टक्के, पाच वर्षे, म्हणजे हप्ता सुमारे १०,९०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर गाडी जागेवरून हलण्याआधीच रोज चारशेवर रुपये गेले. पाच वर्षांत दीड लाखावर नुसते व्याज. तेच अडीच लाख तीन वर्षांसाठी घेतले तर, दर तोच धरून, हप्ता ८,२०० च्या आत आणि व्याज पंचेचाळीस हजारांच्या आत. मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ पासून महात्मा फुले महामंडळ आहे. तिथे स्वतः जाऊन चालू योजना विचारा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. "कर्ज पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका.

आम्ही मुलाला आणखी एक सांगितले. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याची व्हॅन चालवून बघ. त्याने दोनशे लिटरचे पिंप अर्धे भरून घेतले, आणि टिळक पुलाच्या उतारावर ब्रेक मारताच आतले पाणी असे पुढे आले की गाडी थांबता थांबेना. घरी येऊन त्याने पिंप काढले आणि वीस-वीस लिटरचे चार कॅन घट्ट बांधून ठेवले. हे शहाणपण माहितीपत्रकात छापलेले नसते.

परवा तिघे पुन्हा आले. चार वर्षे वापरलेली बंद व्हॅन घेतली आहे. सुरुवातीचे पैसे त्याने स्वतःच्या साठवणीतून भरले, अडीच लाखांचे कर्ज आहे, वही सूनबाईच्या ताब्यात आहे. आईचा फंड पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेला. दर तिमाहीला व्याज तिच्या हातात येते.

जाताना माऊली दारात थांबली आणि म्हणाली, "भाऊ, पोराची गाडी झाली, आणि माझेही राहिले."

आमच्या घरांतून धंद्यात उतरणारी ही पहिलीच पिढी आहे. एक हप्ता थकला तर तारून न्यायला मागे काका-मामांची दुकाने नाहीत. मागे असतो तो आईचा फंड. तो मोडण्याआधी पंधरा दिवस वही लिहा. गाडी कुठे पळून जात नाही.