एका पानाची वहिवाट

धुऱ्यावरून वाद झाला नाही असं वावर वऱ्हाडात शोधावं लागेल. वाद बहुधा वाटेचा असतो: तुझ्या धुऱ्यावरून माझी बंडी जाऊ देतो की नाही? वहिवाट एकदा कागदावर चढली की मग रोज विचारावं लागत नाही.

गेल्या रविवारी परतवाड्याचा एक विद्यार्थी संत्र्याच्या बागेसाठी केलेलं यंत्र घेऊन अचलपूरला माझ्याकडे आला. मातीतली ओल मोजायची, ती कमी झाली की रिलेमार्फत ठिबकचा पंप सुरू करायचा. आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. काम नेटकं होतं. पण प्रोग्राम 'सुडो' म्हणजे प्रशासकाचा अधिकार लावल्याशिवाय चालत नव्हता आणि थेट 'डेव्ह-मेम' ही मेमरीची फाइल उघडत होता. का, विचारलं तर म्हणाला, "चालते ना सर, मंग काय हाय त्यात?"

त्यात काय आहे, ते सांगायलाच आजचा स्तंभ.

रिले जोडलेली पिन चालू करायची म्हणजे चिपमधल्या ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहायचा. या चिपमध्ये रॅम आणि उपकरणं एकाच पत्त्यांच्या रांगेत बसतात. साध्या प्रोग्रामला मात्र खरे पत्ते दिसतच नाहीत. त्याचा कोणता पत्ता खऱ्या कोणत्या जागी जातो, हे ऑपरेटिंग सिस्टिम पानांच्या तक्त्यात लिहून ठेवते. प्रोग्रामने 'एम-मॅप'ने मागणी केली आणि ड्रायव्हरने ती मानली की तक्त्यात नोंद चढते. पुढे प्रोग्राम स्वतःच ये-जा करतो, कर्नलला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला विचारत बसत नाही. नोंदीबाहेर पाऊल पडलं तर प्रोसेसर तिथेच अडवतो. ही सरळ वहिवाट झाली. ग्राफिक्स कार्ड किंवा वेगवान नेटवर्कला ती हवीच, प्रत्येक बाइटसाठी परवानगी मागत बसलं तर काम संपायचं नाही.

नोंद लागेल तेवढ्याच जागेची असावी, इथे माझा आग्रह आहे. तक्त्यातला नेहमीचा लहानात लहान तुकडा म्हणजे ४,०९६ बाइट्सचं एक पान. रास्पबेरी पायमध्ये 'जीपीआयओ-मेम' नावाची वेगळी फाइल आहे. ती पिनांच्या रजिस्टरांपुरती वाट देते, सुडोही लागत नाही. 'डेव्ह-मेम' उघडलं की सगळ्या उपकरणांचं शिवार मोकळं होतं, आणि पत्त्यातला एक आकडा चुकला तर भलत्याच वावरात नांगर जातो.

रॅममध्ये चुकीचं लिहिलं तर मशीन पुन्हा सुरू करून भागतं. उपकरणाच्या मेमरीत तसं भागेलच असं नाही. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्यांच्या मशीनमधली इंटेलची नेटवर्क कार्डं निकामी होऊ लागली. कार्डाची स्वतःची कायमची माहितीच बिघडत होती. शोधाअंती दोष सापडला कर्नलमधल्या 'एफ-ट्रेस' या भागात. मेमरीत आपल्याला हवा तो कोड अजून जुन्याच पत्त्यावर आहे असं धरून तो लिहीत होता. दरम्यान ती जागा सुटून तोच पत्ता कार्डाच्या मेमरीला दिला गेला होता. जुन्या सातबाऱ्यावर विसंबून दुसऱ्याचं उभं पीक कापावं, तसं झालं. तेही खुद्द कर्नलच्या हातून.

पानांच्या तक्त्याची ही राखण पूर्वी सगळीकडे नसायची. आपली शकुंतला रेल्वे जिथे जायची त्या मूर्तिजापूर तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं गाव. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यातल्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपमध्ये असा पानांचा तक्ता नव्हताच. जी राखण त्या महासंगणकाच्या चिपला नव्हती, ती आज काही हजारांच्या पाटीवर मिळते, आणि आपण पोरांना पहिल्याच तासाला तिला वळसा घालायला शिकवतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पंपाला तर ही थेट वाटसुद्धा नको. रिले हलायलाच काही मिलिसेकंद जातात. तिथे कर्नलला विचारण्यात गेलेला वेळ कुणाच्या लक्षातही येणार नाही. लिनक्समध्ये २०१६ पासून 'जीपीआयओ-चिप' आहे. तिच्याकडे नेमकी पिन मागायची, दुसऱ्या कुणी ती आधीच घेतली असेल तर ती नाही म्हणते. शिवाय २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये पिना वेगळ्याच चिपवर गेल्या आणि थेट रजिस्टरांत लिहिणारे जुने प्रोग्राम बंद पडले. कर्नलमार्फत मागणाऱ्यांना फार तर चिपचा क्रमांक बदलावा लागला.

पोराने तिथेच बसून त्या ओळी बदलल्या. पिन क्रमांक १७ मागितली, सुडो खोडलं, प्रोग्राम चालवला. रिले टक् वाजला.