भेगेपलीकडचं तेल

“मामा, दिवसभर संगणकावर रंगीत ठोकळेच तर बघतोस. त्यातून तेल कसं निघतं?” सुट्टीत बडोद्याला आलेल्या भाचीनं विचारलं. मी ताटातली तीन थरांची बर्फी मधोमध कापली आणि एक तुकडा थोडा खाली सरकवला. गुलाबी थरासमोर पांढरा आला.

आपल्या खंभातच्या खोऱ्यात असंच झालंय. जमीन ताणली गेली, खडक तुटले, थर वरखाली सरकले. या तुटीला फॉल्ट म्हणतात. १९६० साली अंकलेश्वरला तेल सापडलं ते याच खोऱ्यात. फॉल्ट कधी तेलाला वाट देतो, कधी भिंत होतो. सरकताना चिकणमाती कापावर फासली गेली तर विशेषच. म्हणून आम्ही जमिनीचे हजारो ठोकळे पाडून कुठून कुठे काय वाहील याचं गणित मांडतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक फॉल्ट ‘वाट’ धरला. अलीकडच्या विहिरीत पाणी सोडलं की पलीकडचा दाब टिकेल, असा हिशेब. महिनोन्‌महिने पाणी सोडलं. पलीकडचा दाब घसरतच गेला. साहेबांनी जुनी नोंदवही पुढे ठेवली. दोन्ही बाजूंचे दाब कित्येक वर्षं वेगळेच होते. भिंत तिथे लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती.

तेव्हापासून मॉडेलनं आधी मागच्या वर्षांचे आकडे बरोबर सांगायचे, मगच मी त्याचं भाकीत ऐकतो. तेही थोडी शंका ठेवून.

“म्हणजे आधी जुन्या वह्या!” म्हणत भाचीनं फॉल्टसकट बर्फी संपवली.