सूज की बाळसे?

दहावीचा निकाल लागला की वडनेर भोलजीसारख्या नांदुरा तालुक्यातील गावातही पेढे वाटले जातात, अभिनंदनाचे फलक झळकतात. कापूस वेचून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना या आनंदाचा पूर्ण अधिकार आहे. शंका आहे ती फलकावरच्या टक्क्यांविषयी.

२०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये अभ्यासक्रम बदलला, त्यातच भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळांच्या हातातील २० गुण काढून घेतले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर कोसळला. ओरड झाली. शासनाने मान तुकवून ते गुण परत दिले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के! कोरोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर झाला नाही, हे खरे. पण एका वर्षात अठरा टक्क्यांची उडी घेण्याइतके कोणते खत महाराष्ट्राच्या बुद्धीला मिळाले? २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षेवाचून विद्यार्थी अधिक हुशार ठरतात, असाच याचा अर्थ घ्यायचा काय?

मूळ दुखणे खालच्या वर्गांत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही नापास न करण्याचे ठरवले. हेतू उदात्त होता. मात्र कच्चे राहिलेले मूल ओळखून त्याला वेगळे शिकवण्याचे काम कागदावरच राहिले. भागाकार न येणारे मूल नववीत बीजगणितापुढे बसते. शिकवणार कोण? मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीला बंदी आली आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळली. जे शिक्षक उरले, त्यांच्या हाती खडूऐवजी मतदारयाद्या!

सारा दोष शासनाच्या माथी मारून मोकळे होणे मात्र सोयीस्कर आहे. ३ मार्च २०२३ रोजी याच बुलढाणा जिल्ह्यात, जिजाऊंच्या माहेरी सिंदखेडराजा तालुक्यात, बारावीच्या गणिताचा पेपर फुटला. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. असे पेपर हवे असणारे पालक असतात, म्हणूनच ते फुटतात. निकाल शंभर टक्के हवाच, मग तो कसाही लागो, हा हट्ट संस्थाचालकांचा जितका, तितकाच घराघरातला.

वडनेरच्या पालकांनी पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना टक्के विचारूच नयेत. नववीच्या वर्गातील किती मुलांना एक उतारा अडखळल्याविना वाचता येतो आणि एक भागाकार बिनचूक करता येतो, एवढेच विचारावे. आणि तो आकडा निकालाच्या फलकाशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लावायला सांगावा.