पाठवायला काय जातं?

‘खरं असेल तर कुणाचा तरी जीव वाचेल, खोटं असेल तर आपलं काय गेलं?’ मदतीच्या मेसेजांच्या बाजूने हा युक्तिवाद नेहमीच होतो. अलीकडे एका व्याख्यानमालेत एका सुशिक्षित, वयाने ज्येष्ठ गृहस्थांनी तो व्यासपीठावरून मांडला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या, म्हणून हा लेख. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आवाहन आलं की शंका काढत बसू नये, पुढे पाठवावं. दहा खोटे निघाले तरी अकरावा खरा असेल. माणूस मरणाच्या दारात असताना पुरावे मागणं हे निर्दयपणाचं लक्षण आहे. आणि ‘पडताळणी करा’ म्हणणारे बहुतेक लोक खिशात हात घालायची वेळ टाळण्यासाठीच तसं म्हणत असतात.

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहेत. पाठवणाऱ्याचं काही जात नाही, हे खरंच आहे. ज्याचं जातं तो त्या ग्रुपमध्ये नसतो.

लग्नसराई आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. कार्यात जेवण उरलं तर 1098 वर फोन करा, चाइल्डलाइनची माणसं येऊन अन्न घेऊन जातील आणि भुकेल्या मुलांना वाटतील. एवढं पुण्य करा, सगळ्या ग्रुपवर टाका. अन्न वाया जाताना पाहून कळवळणाऱ्या कुणालाही हा मेसेज पटतो. त्यात खरा आहे तो फक्त नंबर. 1098 ही संकटातल्या मुलांसाठी चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ती रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. घरातून पळून स्टेशनवर उतरलेलं मूल, हॉटेलात भांडी घासायला जुंपलेलं मूल, घरातल्याच माणसाचा अत्याचार सोसणारं मूल, यांच्यासाठी तो नंबर आहे. उरलेलं जेवण गोळा करणं हे तिचं काम नाही. चाइल्डलाइनने तसा जाहीर खुलासाही केला. तरीही मेसेज फिरतोच आहे.

आता या पुण्यकर्माचा हिशेब मांडून पाहा. यजमान रात्री अकराला फोन लावतो आणि सांगतो, दोन पातेली पुलाव उरलाय, केव्हा येता? पलीकडची कार्यकर्ती समजावते की आम्ही अन्न नेत नाही. यजमानाला ते पटत नाही, कारण मेसेज त्याच्या सख्ख्या मेहुण्याने पाठवलेला असतो. वाद होतो, चार कडू शब्द ऐकवून तो फोन ठेवतो. एवढा वेळ ती लाइन अडलेली असते. मार खाणारं मूल स्वतःच्या मोबाइलवरून निवांत फोन करत नाही. शेजाऱ्याचा, दुकानदाराचा फोन मागून, घाबरत, मिळालेल्या दोन मिनिटांत ते नंबर फिरवतं. त्याला लाइन व्यस्त मिळाली तर तशी संधी पुन्हा येईलच असं नाही. आपल्या राज्यात अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याची खबर कितीदा तरी याच नंबरवर येते आणि मग पोलीस, ग्रामसेवक, बालकल्याण समिती धावतात. म्हणजे ज्या दिवसांत बालविवाहाची खबर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच लग्नसराईत आपण त्या नंबरवर पंगतीतल्या उरलेल्या भाताचे फोन पाठवतो. ‘आपलं काय गेलं’ विचारणाऱ्यांनी हा प्रश्न त्या मुलीच्या तोंडावर विचारावा. बरं, अन्न खरोखर द्यायचं असेल, तर आपल्या गावात ते कोण नेतं हे कार्याआधी विचारून ठेवणं अवघड असतं का? तेवढे कष्ट कुणी घेत नाही, कारण मेसेज पाठवल्यावर कर्तव्य पार पडल्याचं समाधान मिळून जातं. या मेसेजांनी केलेलं सर्वांत मोठं नुकसान हेच: त्यांनी दयेला फुकटची सवय लावली.

दुसरा मुद्दा, अकरावा खरा निघण्याचा. अकरावा खरा असला तरी त्याच्यावर तारीख नसते. रक्त हवं असलेला रुग्ण घरी जातो किंवा दगावतो, पण त्याच्या नातेवाइकाचा फोन पुढे कित्येक महिने वाजत राहतो. 1989 साली ब्रिटनमधल्या एका आजारी मुलासाठी शुभेच्छापत्रं पाठवण्याचं खरं आवाहन निघालं. कोट्यवधी पत्रं आली, विक्रम झाला, 1991 साली शस्त्रक्रियेने मुलगा बरा झाला. ‘आता पत्रं पाठवू नका’ अशा विनवण्या करूनही ती येतच राहिली. ऑक्सिजन सिलिंडरच्या याद्यांचं 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत हेच झालं. बंद पडलेले नंबर फिरवण्यात लोकांचे मोलाचे तास गेले.

आजारी मुलाच्या फोटोखाली ‘प्रत्येक शेअरमागे कंपनी ऑपरेशनसाठी एक रुपया देते’ असं लिहिलेलं असतं, त्या दाव्याला एक ओळ पुरे: असा रुपया कुणीही देत नाही. आणि निर्दयपणाचा आरोप उलट दिशेला लागू होतो. फोटोतलं मूल आज जिवंत आहे की नाही हेही न विचारता त्याचा चेहरा हजारो मोबाइलवर फिरवणं, हा खरा निर्दयपणा.

हा वाद नवा नाही. ‘हे पत्र लिहून इतक्या जणांना पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल’ अशी पोस्टकार्डं संतोषीमातेच्या नावाने आली तेव्हाही, ‘श्रद्धेचा प्रश्न आहे, चार कार्डांनी काय बिघडतं’, असंच ऐकवलं गेलं. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना ‘तुम्हाला भावनाच नाहीत’ असं सुनावलं गेलं. पोस्टकार्डात निदान लिहिणाऱ्याचे श्रम आणि पैसे जायचे. आता तेवढाही अडथळा उरलेला नाही.

अडथळा उरला नाही की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, आपल्या लेकरांना जपा, सर्वांना कळवा’ हा मेसेजही काळजीपोटीच पुढे जात होता. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकालाही कुणाला मारायचं नव्हतं. त्यांनी फक्त पुढे पाठवलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जो विवेक माणसांनी दाखवायचा, तो यंत्रावर सोपवावा लागला.

मग करायचं काय? आवाहन आलं की त्यातल्या नंबरवर आधी आपण फोन करावा. गरज आजही आहे का, पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे विचारावं. नंबर लागत नसेल तर मेसेज आपल्यापाशी थांबावा. रुग्ण खरा असेल तर त्याच्या नातेवाइकांना सांगावं की धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही माहिती नसल्यामुळे माणसं दागिने विकतात. रक्ताची कळकळ असेल तर मेसेजची वाट न पाहता तीन-चार महिन्यांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावं.

यात फार मोठं काही नाही, हे मला कबूल आहे. पण यातल्या प्रत्येक गोष्टीत आपला थोडा वेळ, थोडे पैसे किंवा थोडं रक्त जातं. त्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच: ज्यात आपलं काहीच जात नाही, त्याला मदत म्हणणं थांबवा.